रमणची हिरवी चकती

माझ्या नवऱ्याला गाव सोडवत नाही. हे ऐकून कुणाला वाटेल, वा, काय जीव आहे माणसाचा आपल्या गावावर! जीव बिव काही नाही. गाव त्याचं नाही आणि माझंही नाही. आम्ही दोघं चिंचवडचे. हे गाव न्यूझीलंडमधलं, पुकेकोहेच्या पुढे वीस मिनिटं, कांद्याच्या शेतांच्या मधोमध. एक शाळा, एक चर्च, एक पब, एक डेअरी आणि एक फायर स्टेशन. डेअरी म्हणजे इथे कोपऱ्यावरचं दुकान. तिथे काउंटरवर मी असते. आणि समोरच्या फायर स्टेशनात गेली सहा वर्षं माझा नवरा अडकलाय.

पगारी नोकरी नाही हो ती. व्हॉलंटिअर. पोटापाण्याची नोकरी कांद्याच्या पॅकहाउसमध्ये, मशिनं दुरुस्त करायची. रमण इथे शिकायला आला, मग नोकरी लागली, मग मी आले, मग ओवी झाली. आम्ही या गावात राहायला आलो त्या वर्षी पॅकहाउसमधला एक पट्टा पेटला. गावची लाल गाडी आली, पाच माणसांनी आग विझवली आणि जाताना चहा पिऊन गेली. झालं! साहेब घरी आले ते भारावूनच. "सुरुची, अगं त्यात शाळेतली टीचर होती, पबवाला होता. आपल्यासारखीच माणसं गं." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "छान." तेव्हाच नको म्हणाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

एवढ्याशा गावात महिन्याला आगी लागून लागून किती लागणार? दोन, फार तर तीन. पण काम मात्र महिनाभर. दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता सगळे हजर. पहिल्या सोमवारी आधी सायरनची टेस्ट, मग मास्क आणि हवेच्या टाक्या. पुढच्या सोमवारी पंप. मग एकदा रस्त्याकडेच्या पाण्याच्या तोट्या शोधत फिरायचं, त्यांच्यावर माजलेलं गवत कापायचं, पाणी येतंय का बघायचं. महिनाअखेरीला मीटिंग, आणि प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं. माझ्या बटाटेवड्यांवर तर मीटिंग संपायच्या आधीच धाड पडते. शिवाय एक शनिवार डेअरीसमोर सॉसेज भाजून विकायचे. रमण पक्का शाकाहारी, त्यामुळे त्याला कांदा परतायला उभं करतात. आणि एक शनिवार म्हाताऱ्या माणसांच्या घरचे स्मोक अलार्म तपासायचा. मार्गरेट नावाच्या एक आजी होत्या, त्यांचा अलार्म दर महिन्याला बिघडायचा. बिघडायचा कसला, त्यांनी रमणसाठी लेमन केक केलेला असायचा.

आता त्या चकतीचं सांगते, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. स्टेशनात दाराशेजारी पांढरा बोर्ड आहे. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे लोहचुंबकाची एक चकती, एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल. गावात असाल तर हिरवी. गावाबाहेर जाताना लाल करून जायचं. बाकीच्यांचं एक वेळ ठीक, पण ड्रायव्हर नसेल तर गाडी जागची हलत नाही, आणि ती गाडी चालवायला मोठ्या गाडीचं लायसन्स लागतं. तसे ड्रायव्हर चार. आमची चीफ शेरिल आणि तिचा डेप्युटी हेमी, पण दोघंही कामाला ऑकलंडला जातात आणि संध्याकाळी सहाला परततात. दिवसा उरायचे दोघं, मधूकाका आणि रमण.

मधूकाका पुकेकोहेचे गुजराती. त्यांचे आजोबा इथे भाजी पिकवायला आले, त्यालाही शंभर वर्षं होत आली. काका आता पंचाहत्तरीला टेकलेले. ते माझ्याशी गुजरातीत बोलतात, मी त्यांच्याशी मराठीत, आणि आमचं झकास जमतं.

तीन वर्षांपूर्वी गणपतीला आम्हाला ऑकलंडमधल्या हिल्सबरोला बोलावणं होतं, प्रकाश आणि नीताकडे. प्रकाश रमणचा कॉलेजमधला मित्र. बुधवार होता. मधूकाका गावात होते, म्हणून रमण चकती लाल करून निघाला. पण काका दुपारी शेडमध्ये पाय घसरून पडले, मनगट मोडलं, मुलगा त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला आणि त्यांची चकती हिरवीच राहिली. चारच्या सुमाराला आम्ही आरतीला उभे होतो तेव्हा रमणच्या फोनवर मेसेज आला. मार्गरेट आजींच्या स्वयंपाकघरात आग. गावात सायरन वाजला, चार माणसं धावत आली आणि गाडीभोवती नुसती उभी राहिली. चालवणारं कुणी नाही. शेजारच्या गावची गाडी यायला बावीस मिनिटं लागली. अलार्म वाजल्यामुळे आजी बाहेर पडल्या, पण घर गेलं. हल्ली त्या पुकेकोहेच्या वृद्धाश्रमात असतात.

रमणला कुणी एका शब्दानं बोललं नाही. शेरिल तर म्हणाली, "तू नियमाप्रमाणेच वागलास, मेट." त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून रमणनं सोमवार ते शुक्रवार दिवसा गाव सोडलेलं नाही. माझ्या भावाच्या लग्नाला मी ओवीला घेऊन एकटी गेले. डाळ-तांदूळ आणायला ओटाहुहुला जायचं तर शनिवारीच. ओवीच्या शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धा पुकेकोहेला होत्या, तिथे टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, आणि टॉवेल घेऊन मीच. टीचरनं विचारलं, बाबा नाही आले? तर आमचं नऊ वर्षांचं रत्न म्हणतं, "डॅड कान्ट कम. ही इज ग्रीन."

मी भांडले नाही असं नाही. कडाकडा भांडले. "अरे, तू काय या गावाचा ठेका घेतलायस? ही माणसं बघ, बोटी घेऊन समुद्रावर जातात, वाढदिवसाला क्वीन्सटाउनला जातात, आणि तू मात्र इथे बस खुंटीला टांगून घेऊन!" रमण ऐकून घेतो. उलट बोलत नाही, हीच तर पंचाईत. सगळं ऐकून शांतपणे म्हणतो, "खरंय तुझं." आणि जागचा हलत नाही.

अशात अस्मिताचं लग्न ठरलं. अस्मिता रमणची धाकटी बहीण. सासरे आधीच गेले होते. कोविडमध्ये सासूबाई गेल्या, तेव्हा सगळ्या सीमा बंद होत्या आणि रमणला जाताच आलं नाही. अस्मिताला काका-काकूंनी सांभाळलं. मुलगा अभिषेक, मर्चंट नेव्हीत. त्याच्या बोटीच्या हिशेबानं लग्न पुढच्या मार्चमध्ये धरलं, म्हणजे आमच्या हातात चांगलं वर्ष होतं. फोनवर अस्मिता म्हणाली, "दादा, कन्यादान तू आणि वहिनीनं करायचं. जोडीनं. आई-बाबांच्या जागी मला तुम्हीच हवे आहात. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी कोर्टात सही करून मोकळी होते." रमण म्हणाला, "येणार म्हणजे येणार." फोन ठेवला आणि दोन दिवस कॅलेंडर उलटसुलट करत बसला. मार्च म्हणजे इथे उन्हाळ्याचं शेपूट, सगळं गवत वाळून कोळ झालेलं. आणि तीन आठवडे एकट्या मधूकाकांच्या भरवशावर.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मीच शिकते ती गाडी. वर्षभर दिवसाचा भार मीही उचलला, तर तीन आठवडे काकांवर टाकून जायला तुला जड जाणार नाही."

रमण हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला.

माझी उंची पाच फूट एक इंच. त्या बुटांत मी गुडघ्यापर्यंत बुडते. पण डेअरी स्टेशनच्या समोर, रस्ता ओलांडला की गाडी. हेमीनं शिकवलं मला. मी आरशात बघत गाडी मागे घेताना प्लॅस्टिकचे तीन कोन चिरडले, तरी तो म्हणाला, "स्वीट ॲज, सुरुची." म्हणजे काही बिघडलं नाही. पहिल्या परीक्षेत नापास झाले. घरी येऊन रडले, रमणनं खिचडी टाकली. दुसऱ्यांदा पास झाले. मग पंप शिकले. नोव्हेंबरात बोर्डावर ड्रायव्हरच्या यादीत माझ्या नावाची चकती लागली आणि मी त्याच रात्री तीन तिकिटं काढली.

डिसेंबरात एका दुपारी सायरन झाला. रमण पॅकहाउसमधून येईपर्यंत मी गाडी बाहेर काढलेली. एका घराला लागून असलेलं उंच कुंपणाचं झाड धडाडून पेटलं होतं. मी पंपापाशी उभी राहिले, शिकवल्याप्रमाणे एकेक झडप उघडली, आणि पाणी गेलं. घर वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या घरचा माणूस डेअरीत दूध घ्यायला आला. पैसे दिले, माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. दुधाची बाटली तिथेच विसरून गेला. मला फार बरं वाटलं. आणि भीतीही वाटली, कारण रमण सहा वर्षं काय म्हणत होता ते आता मला कळलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. कशाला उगाच डोक्यावर बसवून घ्या!

आता आमची चूक. रमणच्या घरची रीत अशी की लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची आणि मगच बाहेर तोंड उघडायचं. आधी गावभर सांगितलं की काहीतरी विघ्न येतं, असं सासूबाई म्हणायच्या. त्या गेल्यावर तर रमण त्यांचा शब्द न् शब्द पाळतो. रमणच्या काकांनी पत्रिका माघी गणेश जयंतीला ठेवायचं ठरवलं. तो शनिवार होता, एक फेब्रुवारी. त्यानंतर सोमवारी ट्रेनिंगला पेढे न्यायचे, सगळ्यांना पत्रिका द्यायची आणि सुट्टीच्या तारखा बोर्डावर लिहायच्या, असा आमचा बेत. बॉसला रजेपुरतं सांगितलं होतं, तेही कारण न सांगता. मला हे वेडेपणाचं वाटत होतं का? नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते बरोबरच वाटत होतं.

जानेवारीतल्या शेवटच्या सोमवारी ऑकलंडच्या वर्धापनदिनाची सुट्टी असूनही मीटिंग झाली. म्हणजे पेढ्यांच्या बरोबर एक आठवडा आधी. वडे संपले. मधूकाका उठले, बोर्डाकडे गेले, आपली चकती काढली आणि शेरिलच्या हातात ठेवली. पंचाहत्तरीला लायसन्स नवं करून घ्यावं लागतं. काकांनी फक्त मोटारीचं करून घेतलं होतं. मोठ्या गाडीसाठी डोळ्यांच्या जास्त तपासण्या लागतात, तो भाग त्यांनी सोडूनच दिला होता. "गेलं वर्षभर नीट दिसत नाही," ते म्हणाले, "पण सोडणार कसं? आता सुरुची आहे, रमण आहे. दिवसाला दोन ड्रायव्हर! आता मी सुखानं झोपेन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघांनीही वाजवल्या. दुसरं करणार काय?

बाहेर आल्यावर रमणनं काकांना लग्नाचं सांगितलं. गणपतीला थांबायला आता अर्थ नव्हता. काकांनी कपाळाला हात लावला. "अरे गांडा, वेड्या! पंधरा दिवसांपूर्वी का नाही बोललास? मी गेलो असतो ना तपासणीला, अजून एक वर्ष ओढलं असतं!" आता परत काढायचं तर पुन्हा सगळी परीक्षा. चार-पाच महिने. काका गाडीत बसून रडले. त्यांना समजावत बसायची वेळ माझ्यावर आली, आणि मला समजावायला कुणी नव्हतं.

शेरिल म्हणाली, "जा तुम्ही दोघं. शेजारच्या गावची गाडी आहेच की." मनापासून म्हणाली. बावीस मिनिटं हा शब्द कुणीच काढला नाही.

घरी रमण म्हणाला, "तू जा ओवीला घेऊन. मी राहतो."

"आणि कन्यादान काय मी एकटी करू? भाऊ कोण आहे तिचा, मी?"

"मग दोघं जाऊ."

म्हणाला खरा, पण नजर दारामागच्या बुटांवर. हा मांडवात बसेल, मांडीखाली फोन ठेवेल आणि प्रत्येक मंत्राला बघेल की गावात काही झालं का. माझा असा संताप झाला! सकाळी डेअरी उघडायच्या आधी मी तरातरा स्टेशनात गेले. म्हटलं, चुलीत गेलं गाव, महिन्याभरात दोन्ही चकत्या लाल होणार म्हणजे होणार, आत्ताच करून बघते कशा दिसतात. रमणची चकती लाल केली. छान दिसली. मग माझ्या चकतीला हात लावला, आणि ती उलटी करवेना. बोटं तिच्यावर ठेवून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. डोळ्यांपुढे तो दूध विसरून गेलेला माणूस. चार माणसं गाडीभोवती नुसती उभी, असं मी पाहिलेलं नव्हतं, तरी दिसायला लागलं. रमणची चकती परत हिरवी केली आणि स्वतःला अशा शिव्या दिल्या की विचारू नका. नवऱ्याला सोडवायला निघाले होते, आणि त्याच्याशेजारी जाऊन अडकले.

घरी येऊन म्हटलं, "तू जा. ओवीला ने. मी राहते. आणि आता एक अक्षर बोललास तर याद राख."

अस्मिताला फोन मीच केला. तिनं आधी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "वहिनी, गुरुजींना विचारते." बायको हजर नसली तर नवऱ्यानं तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून बसायचं, अशी आपल्यात सोय आहे. गुरुजी म्हणाले, चालेल. काका-काकू बसायला तयार होते, पण अस्मिता अडून बसली. दादाच हवा. घेतलेली पैठणी मी कपाटात परत ठेवली. घडीसुद्धा मोडली नव्हती.

फेब्रुवारीत ते दोघं निघाले तो गुरुवार होता. विमानतळ पाऊण तासावर, म्हणजे सोडायलाही मला जाता येईना. प्रकाश हिल्सबरोहून येऊन घेऊन गेला. रमणनं जाताना माझा हात धरला. मी म्हटलं, "पोहोचलास की मेसेज कर," आणि दुकानात जाऊन पावांची मांडणी करत बसले.

लग्नाचा दिवस म्हणजे मार्चचा पहिला सोमवार. पुण्यात साडेअकरा वाजत आले होते, आमच्याकडे संध्याकाळचे सात. ट्रेनिंगचा वार, त्यामुळे शेरिल, हेमी, सगळे हजर. तीन-तीन ड्रायव्हर! लग्नाच्या नेमक्या याच तासाला माझी इथे कुणाला गरज नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं, खरंच. शेरिलनं फोन ठेवायला टेबल मोकळं करून दिलं. मी युनिफॉर्मवरच गजरा माळला, प्लॅस्टिकचा, ओवीच्या स्नेहसंमेलनातला. सगळे माझ्या मागे उभे राहून बघायला लागले. "किया ओरा, रमण!" हेमीनं ओरडून माओरीत नमस्कार घातला. तिकडे काकूंच्या हातात फोन. रमण पाटावर, सोवळं नेसलेला, कमरेला सुपारी. शेजारचा पाट रिकामा, त्यामागे ओवी परकर-पोलक्यात. अस्मिता इतकी सुंदर दिसत होती की मला तिच्याकडे नीट बघवेना.

सातला सायरनची टेस्ट झाली. मांडवातल्या चार माणसांनी दचकून फोनकडे बघितलं. रमण ढिम्म हलला नाही. टेस्टचा आवाज एकदाच चढतो आणि उतरतो, त्याला पाठ आहे.

गुरुजींनी अस्मिताची ओंजळ अभिषेकच्या ओंजळीवर ठेवली. रमणनं पाण्याची झारी उचलली. आणि खरा सायरन झाला.

इथे सगळे धावले. मीही धावले. हेल्मेट डोक्यावर, गजरा खाली. शेरिलनं मला दारातच अडवलं. "तू नाही. हेमी चालवतोय. तू लग्न बघ." गाडी गेली. रिकाम्या शेडमध्ये मी एकटी उभी राहिले, हेल्मेट घालून. ज्या गाडीसाठी मागे राहिले, ती मला सोडून गेली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

टेबलावरून गुरुजींचा आवाज आला, "अहो, बसा! बसा यजमान! कुठे निघालात?"

मी पळत जाऊन बघितलं. रमण पाटावरून उठून उभा राहिला होता. हातात झारी, एक पाय मांडवाच्या बाहेर. दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्याला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण कुठे चाललोय. सायरन अजून वाजत होता.

"रमण!" मी ओरडले. "बस खाली! गाडी गेली. हेमी आहे. बस रे बाबा, बस!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. हेल्मेट बघितलं. मग हळूच पाटावर बसला. त्या उठाबशीत त्याच्या कमरेची सुपारी निसटून घरंगळत गेली होती, आणि ओवी गुडघ्यांवर रांगत ती शोधत होती. सापडली तशी तिनं ती फोनपुढे धरली.

"ममा, यू फेल डाउन!"

"मग उचल मला," मी म्हटलं, "आणि बाबाच्या कमरेला नीट खोच."

तिनं खोचली. रमणनं झारी पुन्हा उचलली. मी हेल्मेट काढलं, खुर्ची ओढली आणि बसले.